अर्ध्या बँडची गोष्ट



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी मला आठवीत इंग्रजी शिकवलं. निबंधाची वही तपासताना सर अर्धा गुण कधीच देत नसत. दहापैकी सहा, नाहीतर सात. अर्धा देणारा मास्तर निर्णय घ्यायचं टाळतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आज ज्या परीक्षेबद्दल मी बोलणार आहे तिचा सगळा जीव त्या अर्ध्यातच आहे. सर समोर बसलेले असते तर विषय ऐकूनच त्यांनी चष्मा काढून हातात घेतला असता.

परीक्षा म्हणजे आयईएलटीएस. आपली मुलं तिला आयल्ट्स म्हणतात. मिरजेतली नर्सिंगची मुलगी असो, सांगलीचा इंजिनिअर असो की नवऱ्यामागोमाग कॅनडाला निघालेली सून असो, घरात एक दिवस ‘बँड’ हा शब्द शिरतो. निकाल लागला की शेजारची काकू विचारते, “पास झालीस का गं?” आणि मुलीला उत्तर देता येत नाही. कारण या परीक्षेत पास आणि नापास हे शब्दच नाहीत. ० ते ९ अशी पट्टी आहे, तिच्यावर तुम्ही कुठं उभे आहात एवढंच ती सांगते. तरी मुली रडताना मी पाहिल्या आहेत. जी परीक्षा कुणाला नापास करत नाही, तिच्यात नापास कोण करतं, हा माझा आजचा प्रश्न आहे.

तीस वर्षं मी कॉलेजात इंग्रजी शिकवलं. निवृत्तीच्या सुमारास मुलं मार्गदर्शनाला येऊ लागली, तेव्हा वाटलं, न पोहता पोहायला शिकवणं बरं नव्हे. म्हणून २०१६ साली मी स्वतः ही परीक्षा दिली. पुण्यात एका हॉटेलच्या सभागृहात. एरवी तिथं लग्नाची स्वागतं होत असावीत, कारण छताला झुंबर होतं. दारात पासपोर्ट तपासला, बोटाचा ठसा घेतला, फोटो काढला, मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायला लावलं. पेन्सिल आणि खोडरबर त्यांनीच दिलं. आजूबाजूला विशी-पंचविशीतली दीडशे मुलं आणि मध्ये मी. एका मुलानं मला पर्यवेक्षक समजून स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारलं.

आधी ऐकण्याची परीक्षा. ३० मिनिटं, ४० प्रश्न, आणि ध्वनिफीत एकदाच वाजते. आपल्याला सवय ‘काय म्हणालात?’ विचारण्याची, इथं विचारायचं कुणाला? आवाज कधी ब्रिटिश, कधी ऑस्ट्रेलियन, कधी अमेरिकन. कुणीतरी खोली भाड्यानं घेत असतं, कुणी संग्रहालयाची माहिती देत असतं. उत्तर दोन शब्दांत लिहा म्हटलं असेल आणि तुम्ही तीन लिहिले, तर ते बरोबर असूनही शून्य. स्पेलिंग चुकलं तरी शून्य. अनेकवचनाचा ‘एस’ राहिला तरी बहुतेक वेळा गुण गेला. आमच्या मुलांचे सर्वांत जास्त गुण या ‘एस’पायी जातात. कान शाबूत असतात, हात आळस करतो.

मग वाचन, ६० मिनिटांत पुन्हा ४० प्रश्न. या दोन्ही विभागांचं गणित सोपं आहे. बरोबर उत्तरं मोजायची आणि त्यांचं बँडमध्ये रूपांतर करायचं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ऐकण्यात साधारण ३० बरोबर आली तर ७ बँड, २३ आली तर ६. परदेशी विद्यापीठासाठीच्या ॲकॅडेमिक प्रकारातही वाचनात ३० च्या आसपासच ७ मिळतात. स्थलांतरासाठीच्या जनरल ट्रेनिंग प्रकारातले उतारे सोपे असतात, म्हणून तिथं त्याच ७ साठी ३४ च्या आसपास लागतात. एक-दोन प्रश्नांचा फरक प्रश्नपत्रिकेगणिक पडतो, कारण प्रत्येक पत्रिकेची काठिण्यपातळी तंतोतंत सारखी ठेवणं कुणालाच जमत नाही.

इथवर वाद नाही. वाद लिहिण्यात आणि बोलण्यात आहे, कारण तिथं माणूस माणसाला तोलतो.

लिहिण्यात दोन टास्क असतात. पहिल्यात किमान १५० शब्द, दुसऱ्यात किमान २५०, आणि दुसऱ्याचं वजन पहिल्याच्या दुप्पट. परीक्षक एकूण छाप पाहून आकडा टाकत नाही. प्रश्नाला धरून लिहिलंय का, मांडणीला ओघ आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे, व्याकरणात विविधता आणि अचूकता किती, अशा चार अंगांनी तो वेगवेगळा बँड देतो आणि त्यांची सरासरी निघते. बोलण्यातही चार अंगं आहेत, फक्त तिथं उच्चार येतो. उच्चारात ब्रिटिश धाटणीला गुण नसतात. ऐकणाऱ्याला कष्ट न पडता कळलं पाहिजे, एवढंच पाहतात. ओठ चावून ‘व्ही’ आणि ओठ गोल करून ‘डब्ल्यू’ यांचा मराठी जिभेला कायमचा गोंधळ. पण त्यानं काही बुडत नाही. क्लासवाले मात्र मुलांना नाकातून बोलायला लावतात. तसं बोलणारी मुलं ऐकली की मला नाटकातल्या साहेबाची भूमिका आठवते.

आता हा माणसाचा तोल कितपत खरा? आपल्या मिरजेला हे सांगायला मला परकं उदाहरण नको. सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोऱ्याची जवारी काढताना पाहा. घोडीवर कानस फिरवायची, तार छेडायची, ऐकायचं, पुन्हा एक हात फिरवायचा. जवारी लागली हे कारागीर कानानं ठरवतो, मीटरनं नाही. दोन चांगल्या कारागिरांचं शंभरातल्या नव्वद तंबोऱ्यांवर एकमत होईल. उरलेल्या दहांवर एक म्हणेल झाली, दुसरा म्हणेल अजून एक हात हवा. दोघांतला कुणीच खोटा नाही. परीक्षकांचे कान असेच जुळवून घ्यावे लागतात. ठरलेल्या बँडचे नमुना निबंध वाचायला देतात, नमुना मुलाखती ऐकवतात, ठरावीक काळानं त्यांचं प्रमाणीकरण पुन्हा तपासतात. तरी त्या दहांचा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न जुना आहे. एजवर्थ नावाच्या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॅटिन गद्याची एकच उत्तरपत्रिका २८ जाणकार परीक्षकांकडून तपासून घेतली. गुण आले ४५ पासून १०० पर्यंत. परीक्षा म्हणजे काही अंशी सोडत आहे, हे त्यानं आकडे मांडून दाखवलं. आजच्या परीक्षांनी ही दरी खूप अरुंद केली आहे. पण बुजवलेली नाही, आणि बुजवली असा त्या चालवणाऱ्यांचा दावाही नाही. मोजणीतली सरासरी चूक किती असते, ते हे लोक स्वतःच छापतात. गुणपत्रिकेवर मात्र ती चूक छापलेली नसते. तिथं नुसता ६.५ असतो, दगडावर कोरल्यासारखा.

आता त्या अर्ध्याकडे येतो. चार विभागांचे चार बँड आले की त्यांची सरासरी काढून ती जवळच्या अर्ध्याला नेतात. सरासरीच्या शेवटी पाव आला तर वर अर्ध्यावर जातो, पाऊण आला तर पुढच्या पूर्णांकावर. एका मुलाला ६.५, ६.५, ५.५ आणि ६ मिळाले. बेरीज २४.५, सरासरी ६.१२५. पावाला पोचली नाही, म्हणून खाली घसरून ६. त्याच्या शेजारणीला तेच बँड, फक्त शेवटचा ६ ऐवजी ६.५. बेरीज २५, सरासरी ६.२५, म्हणून निकाल ६.५. दोघांत एका विभागातल्या अर्ध्या बँडचा फरक होता. निकालातही अर्ध्याचाच फरक पडला, पण एकाला विद्यापीठाचं पत्र आलं आणि दुसऱ्याला आलं नाही. तो अर्धा जर बोलण्याच्या परीक्षेतला असेल, तर हा त्या दहा तंबोऱ्यांपैकी एक नव्हता कशावरून?

मुलं मला विचारतात, “सर, री-चेकिंगला टाकू का?” सोय आहे. ठरलेल्या मुदतीत अर्ज करायचा, पैसे भरायचे; बँड बदलला तर पैसे परत मिळतात. लिहिण्या-बोलण्यात अर्ध्यानं हुकलं असेल तर टाक, ऐकण्या-वाचण्यात हुकलं असेल तर पैसे वाचव, असा माझा ढोबळ सल्ला असतो. ४० उत्तरांची मोजणी सहसा चुकत नाही.

पण खरी गोम पुढंच आहे. रेघ कोण ओढतं? ही परीक्षा १९८९ पासून या नावानं चालते. केंब्रिज, ब्रिटिश कौन्सिल आणि ऑस्ट्रेलियाची आयडीपी अशा तिघांची ती आहे. या तिघांपैकी कुणीही तुम्हाला सांगत नाही की अमुक बँड पुरे. ते सांगतं विद्यापीठ, व्हिसा कार्यालय, व्यवसायाची नोंदणी करणारी संस्था. ब्रिटनमध्ये परिचारिकांची नोंदणी करणारं नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल आहे. त्यांचा नियम होता, चारही विभागांत ७. डिसेंबर २०१८ पासून त्यांनी लिहिण्याची अट ६.५ वर आणली, बाकीचे तिन्ही ७ वरच ठेवले. समजा, एखाद्या परिचारिकेला त्या नोव्हेंबरात लिहिण्यात ६.५ मिळाले आणि बाकी सगळीकडे ७. नोव्हेंबरात तिचं इंग्रजी ब्रिटिश रुग्णाला अपुरं होतं, डिसेंबरात ते पुरेसं झालं. मधल्या काळात ती एक शब्दही शिकली नाही. नियम बदलला हे चांगलंच झालं. पण मग आधीच्या रेघेला ज्या धडकल्या त्या कशाला धडकल्या, याचं उत्तर भाषाशास्त्रात सापडत नाही. ते मनुष्यबळाच्या गरजेत सापडतं.

भाषेच्या परीक्षेची रेघ भाषेबाहेरच्या कारणांनी हलते, हे काही नवं नाही. यात आपलाही एक धागा आहे. १८९६ च्या अखेरीस ‘कूरलँड’ आणि ‘नादेरी’ या दोन आगबोटी मुंबईहून दर्बानला पोचल्या. ‘कूरलँड’वर गांधीजी होते. तिथल्या नाताळ वसाहतीतल्या गोऱ्यांनी त्या बोटी बंदराबाहेर अडकवून ठेवल्या. जानेवारी १८९७ मध्ये गांधीजी उतरले तेव्हा जमावानं त्यांना मारहाण केली. आणि त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळानं स्थलांतर निर्बंधाचा कायदा केला. त्यात ‘हिंदी माणसाला बंदी’ असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. येणाऱ्यानं एका युरोपीय भाषेत अर्ज लिहून दाखवावा, एवढंच होतं. वर्णाचं नाव न घेता वर्ण गाळायची ही युक्ती लंडनच्या वसाहतमंत्र्यांना इतकी पसंत पडली, की जोसेफ चेंबरलेन यांनी इतर वसाहतींनाही तिची शिफारस केली.

ऑस्ट्रेलियानं १९०१ मध्ये ती उचलली आणि आणखी धारदार केली. अधिकारी युरोपीय भाषेतला ५० शब्दांचा उतारा वाचणार आणि आलेल्यानं तो लिहून घ्यायचा. भाषा कोणती, हे अधिकारी ठरवणार. तुम्हाला इंग्रजी येतं? मग जर्मन. जर्मनही येतं? मग आणखी कुठली तरी. नको असलेला माणूस अडकेपर्यंत भाषा बदलत राहायची. १९३४ साली एगॉन किश हा प्राग शहरातला लेखक युद्धविरोधी परिषदेसाठी निघाला. त्याला उतरू देईनात, तेव्हा त्यानं मेलबर्नला बोटीवरून धक्क्यावर उडी मारली आणि पाय मोडून घेतला. सिडनीत त्याची परीक्षा घेतली. त्याला बऱ्याच भाषा येत होत्या, म्हणून उतारा दिला स्कॉटिश गेलिकमधला. किश न्यायालयात गेला, आणि तिथल्या उच्च न्यायालयानं निर्णय दिला की स्कॉटिश गेलिक ही त्या कायद्याच्या अर्थानं युरोपीय भाषाच नव्हे. स्कॉटलंडच्या लोकांना तो निर्णय फारसा आवडला नाही, हे ओघानं आलं. ती परीक्षा १९५८ पर्यंत कायद्यात होती.

आजची आयईएलटीएस म्हणजे तीच परीक्षा, असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं अन्यायाचं होईल. ती परीक्षा माणूस पडावा म्हणून रचलेली होती, ही मोजावा म्हणून रचलेली आहे. पट्टी प्रामाणिक आहे. पण कपडा किती लांब हवा हे पट्टी सांगत नाही. ते दारावरचा माणूस सांगतो, आणि तो दार सव्वाशे वर्षांपूर्वीही राखत होता.

दारावरच्या माणसाला पट्टीवर फार विश्वास बसला की काय होतं, ते ब्रिटननं २०१४ मध्ये पाहिलं. ‘टोइक’ नावाची दुसरी एक इंग्रजी परीक्षा व्हिसासाठी चालत असे. बीबीसीच्या ‘पॅनोरमा’ कार्यक्रमानं छुपा कॅमेरा लावून दाखवलं, की काही केंद्रांवर विद्यार्थ्यांच्या जागी भलतेच लोक परीक्षेला बसतात आणि उत्तरं मोठ्यानं वाचून दाखवली जातात. फसवणूक होती, यात शंका नाही. मग परीक्षा घेणाऱ्या अमेरिकन संस्थेनं यंत्राच्या मदतीनं आवाज ताडून ५८,४५८ निकाल तपासले. त्यातले ३३,७२५ अवैध ठरवले, २२,६९४ संशयास्पद. म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव! कुठल्याही सुज्ञ माणसानं इथं थांबून विचारावं, की सत्त्याण्णव टक्के चोर असतील की मोजणारं यंत्र तापलेलं असेल? सरकार थांबलं नाही. हजारो विद्यार्थ्यांचे व्हिसा रद्द झाले. त्यांत भारतीय, बांगलादेशी, पाकिस्तानी मुलं मोठ्या संख्येनं होती. पुढं काहींनी न्यायालयात जाऊन आपलं निर्दोषत्व सिद्ध केलं, पण तोवर त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. २०१९ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं सरकारच्या या वागण्यावर कडक अहवाल दिला.

यंत्रावरून आठवलं. पिअर्सनची पीटीई ही परीक्षा २००९ मध्ये आली आणि तिनं तपासणीचं मुख्य काम यंत्रावर सोपवलं. यंत्र थकत नाही, सकाळी नवाला आणि संध्याकाळी पाचाला सारखंच वागतं. पण त्याला शिकवलं माणसांनी दिलेल्या गुणांवरूनच, म्हणजे त्याचे कान उसने आहेत. जन्मापासून इंग्रजीच बोलणारे अर्जदार बोलण्याच्या विभागात यंत्रापुढे कमी पडल्याच्या बातम्या २०१७ साली ऑस्ट्रेलियातून आल्या होत्या. बोलताना विचारासाठी थांबणं आणि शब्द न सुचून थांबणं, यातला फरक माणसाला चेहऱ्यावरून कळतो. एवढं सांगून मी यंत्राला सोडतो.

माणूस सौम्य आणि यंत्र कठोर, असं मात्र समजू नका. केंब्रिजनं परदेशी लोकांसाठी इंग्रजी प्रावीण्याची पहिली परीक्षा १९१३ मध्ये घेतली. सगळे पेपर मिळून सुमारे बारा तास. भाषांतर, निबंध, साहित्य, ध्वनिशास्त्र आणि वर तोंडी परीक्षा. बसले तीन जण. तिघेही नापास.

आता थोडं आपल्याकडं वळून बोलतो, कारण अर्ध्या बँडचा दोष दर वेळी साहेबावर ढकलता येत नाही. आपण शाळेत निबंध कोणते लिहिले? ‘पावसाळ्यातील एक दिवस’. ‘सूर्य उगवला नाही तर’. ‘मी फाटकी छत्री बोलतेय’. त्या निबंधांनी आपल्याला उपमा दिल्या, सुभाषितं दिली, शेवटी डोळ्यांत पाणी आणायची कला दिली. एक गोष्ट दिली नाही. तुझं मत काय आणि ते तसं का, असा प्रश्न त्यांनी कधीच विचारला नाही. टास्क टू नेमकं तेच विचारतो. शहरात गाड्यांना बंदी घालावी का? घालावी म्हण नाहीतर नको म्हण, पण पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत एका बाजूनं उभा राहा. आमची मुलं दोन्ही बाजूंना गोडीनं हार घालतात आणि ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ असं लिहून मोकळी होतात. ते नाण्याचं वाक्य तपासून तपासून परीक्षक किती थकले असतील! त्यात क्लासमध्ये पाठ करून घेतलेला साचा. पाठ केलेलं ओळखायला परीक्षकाला शिकवलेलंच असतं, आणि त्याचा फटका बसतो.

बोलण्यातही तेच. अकरा ते चौदा मिनिटांची समोरासमोरची मुलाखत. मधे एक कार्ड देतात, एक मिनिट विचार करायला, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं. परीक्षक मधेच तोडतो तेव्हा मुलं घाबरतात. तो फक्त वेळ पाळत असतो. माझ्याकडे एक मुलगी यायची, अतिदक्षता विभागात काम करणारी. आवडत्या व्यक्तीविषयी बोल म्हटलं की आजीवर पाठ केलेली दोन मिनिटं सुरू, एकही चूक नाही आणि एकही जिवंत शब्द नाही. एकदा मी सहज विचारलं, रात्रपाळी संपताना दुसऱ्या सिस्टरला रुग्ण सोपवताना काय काय सांगतेस? तिनं चार मिनिटं इंग्रजीत न थांबता सांगितलं. ‘द’ आणि ‘अ’ जागोजाग गळले, कारण मराठीत ते मुळात नाहीतच. ‘आय वॉज देअर ओन्ली’ असा आपला ‘च’ सुद्धा येऊन गेला. पण त्या चार मिनिटांत रुग्ण माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला. मी तिला म्हटलं, आजीला आता विश्रांती दे.

माझा स्वतःचा निकाल सांगायचा राहिला. टाळतच होतो. ऐकणे ८.५, वाचणे ८.५, बोलणे ८. आणि लिहिणे? तीस वर्षं लिहायला शिकवणाऱ्या या माणसाला लिहिण्यात ६.५ मिळाले. बेरीज ३१.५, सरासरी ७.८७५, म्हणून एकूण ८. घरच्यांना मी तो ८ तेवढा सांगितला. चार अंगांपैकी कुठं मार खाल्ला, हे गुणपत्रिका सांगत नाही. पण मला ठाऊक आहे. मी दोन्ही बाजू मांडल्या होत्या, वाचकापुढं प्रश्न ठेवून निबंध संपवला होता, आणि माझं मत कुठंच लिहिलं नव्हतं. त्या वर्षीच्या नियमानं मला ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदवून घेतलं नसतं. री-चेकिंगला टाकायचा मोह झाला. टाकलं नाही. मीच परीक्षक असतो तरी तेवढेच दिले असते, फार तर सरांसारखे पूर्ण सहा.

गुणपत्रिका मी टेबलाच्या खणात खाली ठेवली. ती दोन वर्षांपुरतीच ग्राह्य असते, कारण न वापरलेली भाषा गंजते. २०१८ मध्ये तिची मुदत संपली. तेव्हापासून मला इंग्रजी येतं याचा एकही चालू पुरावा माझ्याकडे नाही.